डाव्या डोळ्याचं पाणी

हर्षदा बोरस्ते रडत नसे, पण ती रडते आहे असंच सगळ्यांना वाटे. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं, गालावरून ओघळत हनुवटीपर्यंत जायचं. बँकेत नवा माणूस आला की तो तिला घाईघाईने खुर्ची द्यायचा. लग्नकार्यात नवरीच्या मावश्या तिच्या पाठीवर हात ठेवायच्या. एकदा दिंडोरीच्या बाजारात एका अनोळखी बाईने तिला बाजूला घेऊन विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. हर्षदाने हसून सांगितलं, की घरी छान चाललंय, हे डोळ्याचं दुखणं आहे. बाईला ते काही पटलं नाही.

पण घरी खरोखरच छान चाललं होतं. छान नव्हतं ते या दुखण्याआधी.

चार वर्षांपूर्वी एप्रिलची छाटणी उरकल्यावर द्राक्षबागेच्या मांडवातल्या सैल पडलेल्या तारा ओढून घ्यायचं काम चालू होतं. माणसं फार हळू काम करतात म्हणून हर्षदाचा नवरा हेमंत चिडला. त्याने पुलीची साखळी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली आणि स्वतःच ओढायला लागला. तार पुरेशी ताणलेली आहे असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तो आणखी चिडला आणि आणखी ओढू लागला. हर्षदा त्याला फोन आल्याचं सांगायला तिथं आली होती. तार तुटली आणि तिचं टोक चाबकासारखं येऊन हर्षदाच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला लागलं.

बुबुळ वाचलं. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांनी पापणी इतकी नेटकी शिवली, की पुढे व्रण शोधावा लागे. पण त्या कोपऱ्यात कातडीखाली आणखी काहीतरी तुटलं होतं, ते कुणी पाहिलं नाही. डोळा वाहायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, की होईल हळूहळू कमी. तो कमी झाला नाही.

हेमंतचा राग साऱ्या गावाला ठाऊक होता. बायकोवर किंवा मुलीवर आपण कधी हात उचलला नाही, हे तो स्वतःच सांगायचा, आणि ते खरंही होतं. त्याचा हात वस्तूंवर उठायचा. ताट भिंतीवर जायचं, फोन अंगणात पडायचा, एकदा तर त्याने जेवणाच्या टेबलाची काच खुर्चीने फोडली होती. ओवी, त्यांची मुलगी, गाडीचं दार कसं आपटलं यावरून पप्पांचा दिवस कसा गेला ते ओळखायची आणि पुस्तकं उचलून आतल्या खोलीत जायची. हे ती इतक्या लहानपणी शिकली, की सगळ्याच घरांत मुलं असं करतात असं तिला वाटायचं.

तार लागली आणि तो राग जणू विझला. पहिले काही महिने सगळ्यांना वाटलं की माणूस घाबरलाय. मग वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि हेमंत तसाच राहिला. त्याचा आवाज खाली आला. युरोपला निघालेला द्राक्षांचा कंटेनर परत आला तेव्हाही तो पायरीवर नुसता बसून राहिला आणि थोड्या वेळाने चहा मागितला. रोज संध्याकाळी जेवणं झाली की तो हर्षदासमोर स्टूल घेऊन बसायचा, तिचा गाल कोमट पाण्याच्या कापडाने पुसायचा, खारट पाण्याने सोललेल्या कातडीला मलम लावायचा. तसं करताना त्याचं तोंड तिच्या तोंडाजवळ असायचं आणि तो श्वास रोखल्यासारखा जपून काम करायचा. हर्षदाला वाटायचं, हा पश्चात्ताप आहे. तो तसं कधी बोलला नव्हता, पण बोलायची गरज तिला वाटत नव्हती. एका डोळ्याच्या बदल्यात आपल्याला संसार मिळाला, असं ती एकदा आपल्या आईला म्हणाली होती आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं होतं.

या चौथ्या वर्षी मात्र डोळ्याच्या कोपऱ्यात गळू झालं. औषधाने ते बसलं, पुन्हा झालं. तिसऱ्यांदा ताप आला तेव्हा हेमंत तिला नाशिकला डॉ. मेहजबीन इनामदारांकडे घेऊन गेला. इनामदार फक्त अश्रूंच्या वाटांच्याच शस्त्रक्रिया करायच्या. बोलणं सावकाश, हात बारीक आणि समोर बसलेल्या माणसाला सगळं समजलं पाहिजे असा त्यांचा हट्ट.

त्यांनी हर्षदाला आरशात दाखवलं. दोन्ही पापण्यांच्या आतल्या टोकाला एकेक छिद्र असतं, सुईने टोचल्यासारखं. त्या छिद्रांतून दोन नलिका निघतात, केसांपेक्षा थोड्याच जाड. पुढे त्या एका छोट्या पिशवीत जातात आणि पिशवीतून एक वाट खाली नाकात उतरते. आपण पापणी मिटतो तेव्हा जुनं पाणी त्या नलिकांत ओढलं जातं. म्हणून तर रडलं की नाक वाहतं, आणि डोळ्यात औषध घातलं की थोड्या वेळाने घशाला कडू लागतं.

“तुमच्या दोन्ही नलिका तुटल्यात, हर्षदाताई,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच, एक-दोन दिवसांत, आत बारीक नळी घालून टोकं जोडली असती तर काम झालं असतं. आता त्या जागी नुसता व्रण आहे. पाण्याला जायला वाटच नाही.”

पूर्वी अशा जुन्या दुखण्यावर काचेची नळी कायमची बसवत. ती निसटायची, तुंबायची. आता वेगळा उपाय निघाला होता. ओठाच्या आतल्या बाजूचं तांदळाच्या दाण्याएवढं अस्तर काढायचं, त्याच्या पेशी प्रयोगशाळेत एका पोकळ धाग्याभोवती वाढवायच्या आणि ती जिवंत नळी व्रणातून बोगदा काढून तुटलेल्या टोकांमध्ये बसवायची. धागा काही महिन्यांत विरघळून जातो आणि मागे रुग्णाची स्वतःची नवी नलिका उरते. ती पापणीबरोबर हलते, पाणी ओढते. इनामदारांनी अशा बऱ्याच शस्त्रक्रिया केल्या होत्या. एकच अट होती, की फार वेळ घालवायचा नाही. कोपऱ्यातल्या पिशवीत पुन्हा पू झाला तर पिशवीच काढावी लागेल, आणि मग नवी नलिका जोडायला पलीकडे काही उरणार नाही.

हर्षदाने लगेच होकार दिला. ओठाच्या आतलं अस्तर काढलं गेलं, दोन्ही डोळ्यांतलं पाणी तपासणीला गेलं. पुढच्या वेळी इनामदारांनी तिला एकटीलाच आत बोलावलं. हेमंत बाहेर बसला होता.

शस्त्रक्रियेपूर्वी अश्रू तपासले की जे आढळेल ते रुग्णाला सांगायचं असा आता नियम आहे, अशी सुरुवात करून त्या म्हणाल्या, की घाबरण्यासारखं काही नाही, पण ऐकून घ्या.

कांदा चिरताना येणारं पाणी आणि रडताना येणारं पाणी यांत फरक असतो, हे पूर्वीपासून माहीत होतं. रडण्याच्या पाण्यात एक द्रव्य असतं, त्याला वास नसतो, पण जवळच्या माणसाच्या श्वासातून ते आत गेलं की त्याचा राग खाली येतो. पुरुषांवर परिणाम जास्त, काहींवर अजिबात नाही. अलीकडे ते द्रव्य वेगळं काढता आलं होतं आणि वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ‘शमक’ ठेवलं होतं. हवेत ते तास-दोन तासांत मोडून जातं, त्यामुळे कुणालाही अजून ते बाटलीत भरता आलं नव्हतं. बहुतेकांच्या डोळ्यांत ते रडतानाच तयार होतं. काही थोड्या माणसांच्या अश्रुग्रंथी मात्र ते सतत पाझरत असतात. त्यांना ते कळतही नाही, कारण पापणीच्या प्रत्येक मिटण्याबरोबर ते नलिकेतून नाकात उतरून जातं.

“तुम्ही त्या थोड्यांपैकी आहात,” इनामदार म्हणाल्या. “आणि तुमचं पाणी नाकात उतरत नाही. गालावर येतं आणि तिथून हवेत जातं. चार वर्षं.”

हर्षदाच्या मनात सगळ्यात आधी संध्याकाळचं स्टूल आलं.

तिने विचारलं, की याचा घरातल्या माणसावर परिणाम झाला असेल का. इनामदार म्हणाल्या, की झाला असेल, नसेलही. माणूस बदलायला पुष्कळ कारणं असतात, त्यातलं हे कितवं ते कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, की जंतू जाऊ नयेत म्हणून शस्त्रक्रियेपर्यंत घट्ट बसणारा गॉगल वापरायला त्या सगळ्यांनाच देतात. त्याच्या कडा कातडीला चिकटतात, पाणी आतल्या स्पंजात मुरतं, बाहेर हवेत काही येत नाही. हर्षदाने तो घेतला. परतीच्या वाटेवर हेमंतने विचारलं, काय म्हणाल्या, तेव्हा तिने गॉगल दाखवला आणि एवढंच सांगितलं, की हा लावायचा आहे.

पहिले दोन-तीन दिवस काही झालं नाही. उलट हर्षदाला बरं वाटलं. गाल कोरडा राहिला, आणि संध्याकाळी मलम लावायला काही उरलं नाही तेव्हा हेमंत थोडा वेळ उगाच स्टुलावर बसून राहिला. ती मनात म्हणाली, बघ, आपण उगाच शंका घेतली.

मग एका दुपारी द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसमधून त्याचा आवाज आला. तो इतक्या दिवसांनी ऐकला, की आधी तिला तो ओळखूच आला नाही. फवारणीच्या ड्रोनने एक ओळ सोडून दिली होती आणि तो चालवणाऱ्या माणसाला हेमंत नको ते बोलत होता. त्याच आठवड्यात त्याने भाजीत मीठ जास्त झालं म्हणून वाटी ढकलली. ती टेबलावरून खाली पडली, फुटली नाही. हेमंत स्वतःच त्या वाटीकडे चकित होऊन पाहत राहिला. ओवी उठली, पुस्तकं उचलली आणि आत गेली. ती आता अकरावीत होती. चार वर्षांत तिने असं केलं नव्हतं, पण ते ती विसरलीही नव्हती.

हर्षदाने खात्री करून घ्यायची म्हणून आणखी काही दिवस वाट पाहिली. तेवढ्यात एके संध्याकाळी ओवीचा बारावीनंतर काय करायचं हा विषय निघाला. ओवीला गोव्याला जाऊन समुद्राचा अभ्यास करायचा होता. हेमंतच्या मनात राहुरीचं कृषी विद्यापीठ होतं. बाग कोण बघणार, असं तो एकदा साध्या आवाजात म्हणाला, दुसऱ्यांदा चढ्या आवाजात म्हणाला आणि तिसऱ्यांदा त्याची मूठ टेबलावर आली. ओवीचा चेहरा पांढरा पडला.

हर्षदाने गॉगल काढला. स्पंज डोळ्याला घासला आणि पाणी घळाघळा आलं. ती हेमंतच्या शेजारी जाऊन बसली, जवळ, खांद्याला खांदा लावून, आणि काहीबाही बोलत राहिली. उद्या बघू, पोरगी लहान आहे अजून, असलंच काहीतरी. थोड्या वेळाने हेमंतचा श्वास संथ झाला. मूठ सुटली. तो ओवीला म्हणाला, की बरं, विचार करू. त्याने तसं म्हणताच हर्षदा त्याच्यापासून सरकून बसली. एखाद्याच्या चहात न सांगता गोळी विरघळवावी तसं आपण केलं, असं तिला वाटलं. आणि ते किती सोपं होतं, याची तिला त्याहून जास्त भीती वाटली.

ओवीच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही. आईबरोबर ती बागेच्या कडेला घडांची विरळणी करत, जास्तीचे मणी कात्रीने काढत उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं, की गॉगल काढल्यावर पप्पा असे कसे निवले. हर्षदाला खोटं बोलता आलं नाही. तिने सगळं सांगितलं. ओवी कात्री चालवत ऐकत राहिली. विज्ञानाची विद्यार्थिनी होती, तिला समजायला वेळ लागला नाही. समजल्यावर तिची कात्री थांबली.

“आई, नको करूस ना ऑपरेशन.”

हर्षदा पुढच्या घडाकडे वळली.

“म्हणजे, तुला त्रास होतो ते मला दिसतं,” ओवी म्हणाली. “पण मी बारावीपर्यंतच आहे इथं. तेवढंच थांब ना. मग मी गेल्यावर कर.”

आणि मग मी एकटीच राहीन, हे हर्षदाच्या ओठावर आलेलं तिने मागे घेतलं. मुलीचा राग तिला आला नाही. सतरा वर्षांच्या मुलीने घरात शांतता मागावी यात चूक काय होती. पण ती शांतता आपल्या डोळ्याच्या कोपऱ्यातल्या एका जखमेवर उभी आहे आणि ज्याच्याकडून ती घेतली जाते आहे त्याला ते माहीतच नाही, ही गोष्ट तिला गिळवेना. दिवसभर विचार करून तिने ठरवलं, की हेमंतला सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवी कॉलेजला गेल्यावर तिने त्याला ओट्यावर बसवलं. गॉगल डोळ्यावर ठेवूनच ती बोलली. नलिका कशी असते, पाणी कुठे जातं, शमक म्हणजे काय, हे सगळं इनामदारांच्या शब्दांत सांगितलं. मग ती परवाच्या संध्याकाळपर्यंत आली आणि म्हणाली, की मी ते मुद्दाम केलं, मला माफ करा.

हेमंतला राग येईल अशी तिची तयारी होती. तो आला नाही.

“मला वाटत होतं, मी ते केलं,” तो म्हणाला.

“काय?”

“राग सोडला ते. तुला लागलं त्या दिवशी मी ठरवलं होतं, की पुन्हा नाही. आणि जमत गेलं. मला वाटायचं, आपल्यात तेवढं तरी आहे.” तो हाताची बोटं एकमेकांत गुंतवून बसला होता. “माझे वडील सत्तराव्या वर्षीही भांडी फेकायचे. मी म्हणायचो, मी त्यांच्यापुढे गेलो.”

हर्षदा म्हणाली, की त्यातलं थोडं तुमचंही असेल, डॉक्टरही नक्की सांगू शकत नाहीत. तो म्हणाला, की हो, तेच वाईट आहे. सगळंच पाण्याचं असतं तरी एक बरं झालं असतं.

त्या दिवशी तो जेवला नाही. संध्याकाळी त्याने अंथरूण उचललं आणि पॅकहाऊसच्या ऑफिसात नेऊन टाकलं. रुसून नव्हे, हे त्याने दोघींनाही समजावून सांगितलं. गॉगलच्या कडेतून थोडंफार येतच असेल, त्याला ते नको होतं. आपण नुसते आहोत तसे कसे आहोत, ते बघायचं होतं. शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलू नकोस, असंही त्याने बजावलं. ओवीकडे बघून तो म्हणाला, की तुला भीती वाटते हे मला कळतं. ओवीने मान खाली घातली.

ते आठवडे सोपे नव्हते. हेमंत जेवायला घरी यायचा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. कधी कधी त्याचा जबडा आवळलेला दिसायचा आणि तो अर्ध्या जेवणावरून उठून जायचा. एकदा पॅकहाऊसमध्ये प्लास्टिकचे क्रेट धडाधड पडल्याचा आवाज आला. हर्षदा धावत गेली तर तो एकटाच होता, खाली बसून क्रेट पुन्हा रचत होता. त्याने मीच फेकले असं सांगितलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, हेही सांगितलं, जणू ते त्याच्या बाजूने मोजावं. पुढच्या आठवड्यापासून तो नाशिकला एका समुपदेशकाकडे जाऊ लागला. तिथं काय बोलणं होतं ते तो घरी सांगत नसे, आणि परत आला की त्या दिवशी कुणाशी फारसं बोलत नसे. एकदाच जेवताना तो म्हणाला, की राग येण्याआधी मानेच्या मागे गरम होतं, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. इनामदारांनी सूक्ष्मदर्शकाखाली व्रणातून वाट काढली, दोन धाग्यांभोवती वाढलेल्या दोन नलिका वरच्या आणि खालच्या पापणीत बसवल्या आणि पिशवीला जोडल्या. हर्षदा शुद्धीवर आली तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. हेमंत पलंगापासून दूर, खिडकीजवळ उभा होता. तो जवळ आला, तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि पुन्हा खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पट्टी निघाली. काही दिवस डोळा वाहिला, मग रोज थोडा कमी वाहू लागला. पुढच्या खेपेला इनामदारांनी डोळ्यात औषधाचा एक थेंब टाकला आणि गप्प बसायला सांगितलं. थोड्या वेळाने हर्षदाच्या घशाशी कडू चव आली.

“कडू लागतंय,” ती म्हणाली.

इनामदार खुर्चीत मागे टेकल्या आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. वाट मोकळी झाली, असं त्या म्हणाल्या. धागा दिवाळीपर्यंत विरघळून जाईल.

हर्षदाचा गाल कोरडा झाला. बँकेतला माणूस आता तिला रांगेत उभं राहायला सांगू लागला आणि तिला त्याचा आनंद झाला. आरशात पाहिल्यावर तिला कळलं, की इतकी वर्षं आपण चेहरा डावीकडे झुकवूनच बोलत होतो. हेमंतने अंथरूण घरात आणलं. इनामदारांनी सांगितलं होतं, की आता शमक नाकात उतरून जाईल आणि इतरांसारखंच खूप रडताना तेवढं गालावर येईल.

घर पूर्वीसारखं झालं नाही. तार लागण्याआधीसारखंही झालं नाही आणि नंतरच्या चार वर्षांसारखंही नाही. हेमंतचा आवाज चढायचा. चढला की तो स्वतःच ऐकायचा, कधी खाली आणायचा, कधी बाहेर निघून जायचा, कधी दोन्ही जमायचं नाही. एका रविवारी त्याने रिमोट आपटून फोडला आणि मग तासभर तो चिकटवत बसला. ओवी त्या दिवशी आत निघून गेली होती. त्याने दारावर टकटक करून सांगितलं, की चुकलो. ती दाराआडूनच बरं म्हणाली.

ओवी बारावीत गेली आणि डिसेंबरात गोव्याच्या अर्जाची वेळ आली. ओवीने जेवताना विषय काढला. तिने बरीच तयारी केली होती. तिथं काय शिकवतात, पुढे काय करता येतं, सगळं नीट मांडलं. हेमंत ऐकत होता. तिचं संपल्यावर तो नाही म्हणाला. कारणं तीच होती, बाग, एकुलती एक मुलगी, समुद्राचं आपल्याला काय करायचं. ओवी मागे हटली नाही. त्याचा आवाज वर गेला. मानेच्या मागे हात नेऊन तो तिथं चोळू लागला.

हर्षदाने मध्ये तोंड घातलं. मुलगी बागेसाठी जन्मली नाही, असं ती म्हणाली, आणि म्हणताना इतक्या वर्षांचं काहीतरी वर आलं. तिला रडू फुटलं. खरं रडू, दोन्ही डोळ्यांतून, नवी नलिकाही त्याला पुरी पडेना. पाणी गालावर उतरलं. हेमंत तिच्या डाव्या हाताशीच बसला होता. ती तशीच बसून राहिली असती तरी कुणी तिला काही म्हटलं नसतं.

ती उठली. खिडकी उघडली आणि मोरीत जाऊन गार पाण्याने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. नाकातलं, घशातलं खारट पाणी थांबेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग टॉवेलने चेहरा कोरडा केला, परत आली आणि आपली खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसली.

“हां,” ती हेमंतला म्हणाली. “आता बोला.”

हेमंतने तिच्या ओल्या केसांकडे पाहिलं. ती कशासाठी उठली होती ते त्याला समजलं. मग तो बोलला, आणि जोरात बोलला. बाग त्याने कशी उभी केली, पहिल्या वर्षी गारपिटीने कशी झोडपली, ओवी दूर गेली तर या घरात दोन म्हातारी माणसं काय करणार. हर्षदानेही आवाज चढवला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याचं वाक्य मध्ये तोडलं. ओवी दोघांना सांगत होती, की एकेक जण बोला. तो एकदा उठला, दारापर्यंत गेला, तिथंच उभं राहून बोलत राहिला आणि बोलता बोलताच परत येऊन बसला. टेबलावरचं काहीही हललं नाही. बराच वेळ हे चाललं, आणि शेवटी तिघेही दमले.

“मला नाही पटलेलं अजून,” हेमंत म्हणाला.

“ठीक आहे,” ओवी म्हणाली. “उद्या परत बोलू.”

ती जागेवरून उठली नव्हती. तिने भाकरीचा तुकडा मोडला. हेमंतने आपली वाटी पुढे केली आणि आमटी गार झाली असं म्हणाला. हर्षदा ती गरम करायला उठली.